वडिलांच्या ठेवींच्या व्याजावर ५०,००० रुपयांची वजावट: मिळते का, आणि घ्यावी का?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. आपले वडील ६८ वर्षांचे, ठाण्यात पाचपाखाडीला राहणारे निवृत्तिवेतनधारक आहेत. आपण ऐरोलीला नोकरी करता आणि त्यांचे विवरणपत्र दर वर्षी आपणच भरता. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्यांना ५,४०,००० रुपये पेन्शन मिळाली. बँकेतल्या मुदत ठेवींवर १,१०,००० रुपये व्याज आले, बचत खात्यावर ८,००० आले, टपाल कार्यालयात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख रुपये आहेत त्यांचे १,२३,००० आले आणि एका पतसंस्थेतल्या ठेवीवर ३६,००० आले. बँकेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की साठीपुढच्या माणसाला व्याजावर ५०,००० रुपयांची खास वजावट मिळते, ती सोडू नका. आपण पोर्टलवर शोधले तर ती ओळच दिसेना. शेवटी नवी करप्रणाली नाकारल्यावर ओळ उघडली, ३८,००० रुपयांच्या मेडिक्लेमच्या हप्त्यासह वजावट बसली, पण खाली ४७,००० च्या वर कर दिसू लागला. चूक कुठे झाली, आणि ठेवींवर आईचेही नाव असल्याने तिच्या नावाने आणखी ५०,००० घेता येतील का, हे आपले दोन प्रश्न.

चूक आपण केलेली नाही, पोर्टलनेही केलेली नाही, आणि त्या गृहस्थांनी सांगितलेला नियमही खराच आहे. घोटाळा इतकाच की ‘वजावट मिळते का’ आणि ‘वजावटीमुळे कर कमी होतो का’ हे दोन निरनिराळे प्रश्न असून बहुतेक घरांत फक्त पहिला विचारला जातो. गेली २७ वर्षे मी नौपाड्यात कर सल्लागार म्हणून काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसे साठीच्या पुढची आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी या एका वजावटीपायी, किंवा ती वेळेत न घेतल्यापायी, कष्टाचे पैसे घालवलेले मी पाहिले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ही वजावट आयकर कायद्याच्या ८०टीटीबी या कलमाखाली येते. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ती आणली आणि २०१८-१९ पासून ती लागू आहे. बँक, सहकारी बँक आणि टपाल कार्यालय यांच्याकडच्या ठेवींवरील व्याजातून, बचत खाते आणि मुदत ठेव दोन्ही धरून, वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० रुपये वजा करता येतात. साठीच्या आतल्यांना ८०टीटीए खाली फक्त बचत खात्याच्या व्याजावर १०,००० मिळतात, म्हणून ज्येष्ठांची वजावट मोठी वाटते आणि ती मोठी आहेही. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते आणि जुनी हवी असेल तर विवरणपत्रात तसे स्पष्ट निवडावे लागते, त्यामुळे आपल्याला आरंभी ती ओळ दिसली नाही.

आता वडिलांचे आकडे घेऊ. माझ्याकडे अजूनही एक लांबट वही असते. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे जुनी प्रणाली, उजवीकडे नवी, आणि अशिलाच्या समोरच दोन्ही बाजू भरत जायच्या. आपणही एका कोऱ्या कागदावर तसेच करून पाहावे.

डावीकडे पेन्शन ५,४०,०००, त्यातून जुन्या प्रणालीची ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले ४,९०,०००. त्यात सगळे व्याज २,७७,००० मिळवले की ७,६७,००० होतात. ८०टीटीबीचे ५०,००० आणि आरोग्य विम्याच्या हप्त्याचे ३८,००० वजा करून करपात्र उत्पन्न ६,७९,००० उरते. साठ ते ऐंशी वयोगटाला ३ लाखांपर्यंत कर नाही, ३ ते ५ लाखांवर ५ टक्क्यांनी १०,०००, उरलेल्या १,७९,००० वर २० टक्क्यांनी ३५,८००, आणि एकूण ४५,८०० वर ४ टक्के उपकर धरून ४७,६३२ रुपये. आपल्या पडद्यावर दिसलेला आकडा तो हाच.

उजवीकडे पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ४,६५,००० राहतात, व्याजाचे २,७७,००० मिळवून ७,४२,००० होतात, आणि तिथे कोणतीही दुसरी वजावट नाही. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ३,४२,००० वर ५ टक्क्यांनी १७,१०० रुपये कर येतो, पण २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए खाली ६०,००० पर्यंत करसवलत मिळत असल्याने तो पूर्ण माफ होतो. म्हणजे कर शून्य. एवढेच नव्हे, बँकेने मुदत ठेवींच्या व्याजातून कापलेले ११,००० आणि टपाल कार्यालयाने कापलेले १२,३०० असे २३,३०० रुपये वडिलांना परत मिळतील. जुन्या प्रणालीत हेच २३,३०० धरूनही वर २४,३३२ रुपये भरावे लागले असते. वडिलांनी ८०सी खाली पूर्ण दीड लाखाची गुंतवणूक केलेली असती तरी जुन्या बाजूला १६,४३२ रुपये कर उरला असता. शून्याशी त्याची बरोबरी होत नाही.

तेव्हा या वर्षी वडिलांसाठी वजावट सोडावी आणि नव्या प्रणालीतच विवरणपत्र भरावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

पण सगळ्याच ज्येष्ठांनी ही वजावट विसरून जावी असा अर्थ यातून कोणी काढू नये. बँकेतल्या त्या गृहस्थांचा सल्ला काही वर्षांपूर्वी अगदी योग्य होता आणि आजही काही घरांत योग्य ठरतो. माझ्या कामातली दोन उदाहरणे सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पहिले कळव्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचे, २०२३-२४ या वर्षाचे. पेन्शन ५,७०,००० आणि बँकेचे व्याज ३ लाख, म्हणजे प्रमाणित वजावटीनंतर ८,२०,०००. त्या वर्षी पती कर्करोगाच्या उपचारांवर होते. ८०सीचे दीड लाख, विम्याचे ५०,०००, उपचारांच्या खर्चाचे ८०डीडीबी खाली ७०,००० आणि ८०टीटीबीचे ५०,००० अशा ३,२०,००० च्या वजावटी त्यांना लागू होत्या, आणि त्यामुळे करपात्र उत्पन्न बरोबर ५ लाखांवर येत होते. जुन्या प्रणालीत ५ लाखांपर्यंत करसवलत असल्याने कर शून्य झाला असता. यातली ८०टीटीबी एकटी विसरली असती तर उत्पन्न साडेपाच लाख होऊन २०,८०० रुपये कर लागला असता. म्हणजे ५०,००० ची ही एक वजावट त्या घराला २०,८०० रुपयांची होती.

दवाखान्याच्या धावपळीत त्यांची ३१ जुलैची मुदत टळली. डिसेंबरात कागद घेऊन आल्या तेव्हा मला त्यांना सांगावे लागले की जुनी प्रणाली निवडण्याचा हक्क मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच वापरता येतो, उशिरा भरलेल्याला तो नाही. नव्या प्रणालीत त्या वर्षी करसवलत ७ लाखांपर्यंतच होती, त्यामुळे ८,२०,००० वर उपकरासह ३८,४८० रुपये कर आणि ५,००० विलंब शुल्क भरावे लागले. सगळी बिले, तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र, बँकेचे व्याजाचे दाखले त्यांनी एका पिशवीत तारखेवार लावून आणले होते, आणि त्यातला एकही कागद उपयोगाला आला नाही. तो दिवस मला विसरता येत नाही. म्हणून ज्यांना जुनी प्रणाली फायद्याची आहे त्यांनी बाकी काही नाही तरी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी.

दुसरे उदाहरण याच वर्षीचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येते आणि त्यावर विसंबून माणसे हिशेबच करत नाहीत. नौपाड्यातल्या ८२ वर्षांच्या एक आजी, पेन्शन नाही, बँकेच्या ठेवींवर ४ लाख रुपये व्याज. यजमानांनी घेऊन ठेवलेल्या शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडातले काही युनिट त्यांनी विकले आणि ३,२५,००० रुपये दीर्घ मुदतीचा नफा झाला. नातवाने नव्या प्रणालीत भरून पाहिले तर २६,००० रुपये कर आला, आणि उत्पन्न सव्वासात लाख असताना कर कसा, असे त्याने विचारले.

त्याचे कारण असे की नव्या प्रणालीतली ती करसवलत नेहमीच्या दराने लागणाऱ्या करापुरती आहे. शेअर, म्युच्युअल फंड किंवा घर विकून झालेल्या, विशेष दराने कर लागणाऱ्या नफ्याला ती मिळत नाही. आजींच्या व्याजाने ४ लाखांची करमुक्त मर्यादा पुरी भरली, त्यामुळे नफ्यातून कायद्याने सुटणारे १,२५,००० वगळून उरलेल्या २ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी २५,००० आणि उपकर १,००० लागला. जुन्या प्रणालीत मात्र ऐंशी पूर्ण केलेल्यांची करमुक्त मर्यादा ५ लाखांची आहे. ४ लाख व्याजातून ८०टीटीबीचे ५०,००० गेले, आणि आजींचा आरोग्य विमा नसल्याने त्यांच्या औषधपाण्याच्या बँकेतून दिलेल्या खर्चाचे ५०,००० कलम ८०डी खाली गेले, तेव्हा व्याज ३ लाख उरले आणि मर्यादेतली २ लाखांची जागा मोकळी राहिली. निवासी व्यक्तीला ती मोकळी जागा दीर्घ मुदतीच्या नफ्याने भरून काढता येते. ३,२५,००० मधून २ लाख असे गेले, उरलेले सव्वा लाख तसेही करमुक्त, आणि कर शून्य झाला. वजावटी थेट त्या नफ्यातून घेता येत नाहीत, पण व्याजाला खाली ओढून त्या नफ्याला जागा करून देतात. आजींच्या वयामुळे, विकलेल्या युनिटमुळे आणि या दोन वजावटींमुळे हे गणित जमले. त्यातले एक जरी वेगळे असते तरी उत्तर बदलले असते.

उत्पन्न १२ लाखांच्या वर असेल तर काय, असे पुढे कोणी विचारील. पेन्शन आणि व्याज मिळून १५ लाख असणाऱ्या ज्येष्ठाला नव्या प्रणालीत ९७,५०० रुपये कर येतो, आणि जुन्या प्रणालीत त्याच्या खाली यायला प्रमाणित वजावटीसह साधारण ६ लाखांच्या वजावटी लागतात. घरकर्ज फेडून झालेल्या माणसाकडे इतक्या वजावटी क्वचितच असतात. गंभीर अपंगत्व, मोठा आजार किंवा अजून चालू असलेले गृहकर्ज असेल तर वही उघडून पाहावी, एरवी नवी प्रणालीच बरी.

आता आपल्या घराकडे परत येतो, कारण वडिलांच्या ३८,००० च्या मेडिक्लेमबद्दल आपण काही विचारले नसले तरी तिथे एक वाट आहे. वडील नव्या प्रणालीत गेले की त्यांना त्या हप्त्याचा उपयोग उरत नाही. आपण स्वतः गृहकर्जामुळे किंवा दुसऱ्या कारणाने जुन्या प्रणालीत असाल, तर यापुढचा हप्ता आपल्या खात्यातून आपण भरावा. साठीपुढच्या आई-वडिलांच्या विम्यासाठी मुलगा किंवा मुलगी यांना ५०,००० पर्यंतची वजावट मिळते, आणि आपण ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ३८,००० वर ११,८५६ रुपये वाचतात. पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्यालाच वजावट मिळते, त्यामुळे गेल्या वर्षी वडिलांनीच भरलेला हप्ता आता आपल्या नावाने दाखवू नये. ही वजावट सासू-सासऱ्यांसाठी मिळत नाही, हेही जाता जाता सांगतो, कारण जावई मंडळी हमखास विचारतात.

आईच्या नावाबद्दल. ठेवपावतीवर दोन नावे आहेत म्हणून व्याज अर्धे अर्धे होत नाही. बँक पहिल्या नावाच्या पॅनवर व्याज दाखवते आणि कायदा पैसा मुळात कोणाचा ते पाहतो. वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे आईच्या नावे ठेवले, तर त्यांचे व्याज कलम ६४ प्रमाणे वडिलांच्याच उत्पन्नात मिळवावे लागते. आईचे पहिले नाव लावल्याने ते टळत नाही आणि आईला वेगळी वजावटही मिळत नाही. आईला तिच्या माहेरून मिळालेले पैसे असतील, तिने स्वतः नोकरी किंवा शिकवण्या करून साठवलेले असतील, तर ते व्याज तिचे, तिचे विवरणपत्र वेगळे आणि तिची वजावटही वेगळी. आपण मुलगी म्हणून आईला पैसे दिलेत आणि तिने ते ठेवीत घातले, तर ते व्याजही आईचेच धरले जाते, कारण सज्ञान अपत्याने आई-वडिलांना दिलेल्या पैशाचे व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवण्याचा नियम लागत नाही. अर्थात या वर्षी वडिलांचा कर शून्यच असल्यामुळे ही वाटणी करून हाती काही लागणार नाही.

जे लोक जुन्या प्रणालीत ही वजावट घेणार आहेत त्यांनी व्याज कोणाकडून आले ते एकेक करून तपासावे, कारण नोटिसा बहुधा इथे येतात. आपल्या यादीतले पतसंस्थेचे ३६,००० रुपये ८०टीटीबीत बसत नाहीत. ठाण्यात आणि नवी मुंबईत गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्यांचे दालन, पासबुक, काउंटर सगळे बँकेसारखे दिसते आणि घरातले सगळे तिला बँकच म्हणतात. ठेवपावतीच्या वरच्या कडेला पाहावे: ‘सहकारी बँक मर्यादित’ असे असेल तर व्याज चालते, ‘सहकारी पतसंस्था मर्यादित’ असे असेल तर चालत नाही. कंपन्यांच्या ठेवी, कर्जरोखे, रिझर्व्ह बँकेमार्फत मिळणारे सरकारी बचत रोखे आणि आयकराच्या परताव्यावर मिळालेले व्याज हेही बाहेर. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज, ती टपाल कार्यालयात असो वा बँकेत, आत. वडिलांच्या बाबतीत बँक आणि टपाल मिळून व्याज ५०,००० च्या कितीतरी वर असल्याने पतसंस्थेमुळे आकड्यात फरक पडला नसता, पण ज्यांची बहुतेक ठेव पतसंस्थेत आहे त्यांना पडतो.

पतसंस्थेने टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापायचा कर, कापला नाही म्हणून त्या व्याजावर करच नाही, अशी एक समजूत घरोघरी आहे. ती चुकीची आहे. पतसंस्थांना सभासदांच्या व्याजातून कर कापण्यापासून बहुधा सूट असते, सभासदाला मात्र ते व्याज दाखवण्यापासून सूट नाही. वर मी वडिलांच्या हिशेबात ते दोन्ही बाजूंना धरले आहे.

वयाबद्दल थोडक्यात. आर्थिक वर्षात कोणत्याही दिवशी ६० पूर्ण झाली तरी त्या संपूर्ण वर्षासाठी माणूस ज्येष्ठ धरला जातो. ज्यांचा जन्म १ एप्रिलचा आहे त्यांची साठी आदल्या दिवशी, ३१ मार्चला पूर्ण झाली असे मानले जाते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या २८ क्रमांकाच्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. पोर्टल जन्मतारीख पॅनवरून उचलते. आपल्याकडे त्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लावली आहे हे आपण जाणताच. तारीख खरी की सोयीची याच्याशी खात्याला देणेघेणे नाही, पॅन आणि आधार यांवर एकच तारीख असली म्हणजे झाले. याखेरीज माणूस कायद्याने भारतात निवासी असावा लागतो. मुलांकडे परदेशी चार-पाच महिने राहून येणाऱ्यांचा निवासी दर्जा सहसा बदलत नाही. त्याहून लांबचा मुक्काम असेल तर पासपोर्टवरचे शिक्के पाहून दिवस मोजावेत.

व्याज कोणत्या वर्षी दाखवायचे हा मुद्दा मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. पाच वर्षांची, शेवटी एकरकमी पैसे देणारी ठेव असते, तेव्हा हातात काही आले नाही म्हणून लोक चार वर्षे व्याज दाखवत नाहीत आणि पाचव्या वर्षी सगळे एकदम दाखवतात. बँक मात्र दर वर्षी जमलेल्या व्याजावर कर कापून खात्याला कळवत असते, त्यामुळे वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, आणि विवरणपत्र यांचा मेळ बसत नाही. त्याहून मोठे नुकसान असे की ज्या चार वर्षांत ५०,००० ची वजावट किंवा करसवलत सहज घेता आली असती ती वाया जाते आणि पाचव्या वर्षी उत्पन्न फुगून वरच्या टप्प्यात जाते. दर वर्षी जमलेले व्याज दर वर्षी दाखवावे आणि एकदा धरलेली पद्धत मध्येच बदलू नये, असे मी सगळ्यांना सांगतो.

टीडीएसचे. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर कापणीची मर्यादा एका बँकेमागे वर्षाला १ लाख रुपये झाली आहे. वडिलांचे व्याज बँकेत आणि टपाल कार्यालयात दोन्हीकडे थोडे वर गेल्याने दोन्हीकडे कापणी झाली. त्यांचा अंदाजे कर शून्य असल्यामुळे वर्षाच्या आरंभीच दोन्हीकडे स्वतंत्र घोषणापत्र, ज्याला आपण इतकी वर्षे ‘१५एच’ म्हणत आलो, ते दिले असते तर २३,३०० रुपये वर्षभर अडकले नसते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असून कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुनी छापील प्रत घरी भरून नेऊ नये, चालू वर्षाचा नमुना बँकेतूनच घ्यावा. आपण आता भरत असलेले विवरणपत्र मात्र २०२५-२६ च्या उत्पन्नाचे आहे आणि त्याला १९६१ चाच कायदा लागू आहे. वडिलांनी वर्षात शेअर किंवा घर विकायचे ठरवले असेल तर कर शून्य राहणार नाही, आणि मग ते घोषणापत्र देऊ नये. खोटी घोषणा हा कायद्याने गुन्हा आहे.

निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. ती फी व्यवसायाचे उत्पन्न ठरते. जुनी प्रणाली हवी असेल तर त्यांना मुदतीत १०-आयईए हा वेगळा अर्ज भरावा लागतो, दर वर्षी इकडून तिकडे जाता येत नाही, आणि ज्येष्ठांना असलेली आगाऊ करातून सूटही त्यांना मिळत नाही. आपल्या वडिलांना यातले काही लागू नाही.

आता प्रत्यक्ष करायचे ते असे. अर्धवट भरलेला मसुदा उघडून जुनी प्रणाली निवडलेली खूण काढावी. बँक, टपाल आणि पतसंस्था यांचे व्याज आपापल्या रकान्यात वेगवेगळे लिहावे आणि एआयएसशी ताडून पाहावे. पतसंस्थेचे व्याज तिथे दिसत नसले तरी दाखल्यावरून भरावे. टीडीएसच्या दोन्ही रकमा २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या पोर्टलवरील नोंदपत्रकात, आल्या आहेत का ते पाहावे आणि परताव्यासाठी दिलेले बँक खाते पोर्टलवर प्रमाणित झाले आहे याची खात्री करावी. भरल्यानंतर ३० दिवसांत ई-पडताळणी झाली नाही तर पडताळणीची तारीख हीच विवरणपत्र भरल्याची तारीख धरतात, आणि त्यासाठीचा ओटीपी आधारशी जोडलेल्या वडिलांच्या मोबाइलवर येतो. तेव्हा ऐरोलीहून फोनवर आकडे विचारत बसण्यापेक्षा एखाद्या रविवारी पाचपाखाडीला जाऊन, ठेवपावत्यांची फाइल समोर ठेवून, हे काम त्यांच्या शेजारी बसून एकदाच पुरे करावे.